छाट कोण मोजणार? साम्यवादी राजवट टिकू शकते का, याबद्दल

बारावीच्या राज्यशास्त्राच्या तासाला दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "सर, कम्युनिझम एवढा चांगला होता, तर मग टिकला का नाही?" सोलापुरात हा प्रश्न नुसता पुस्तकातला राहत नाही. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी आई नाहीतर आजी विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर आहेत. आईच्या कडेवर बसून लाल बावट्याच्या मोर्चाला गेलेली मुलंही त्यांत असतात. माझी आईसुद्धा विड्या वळायची. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी मार्क्सपासून नाही, विडीपासून सुरू करतो.

आई रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. पहाटे पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं पानं कापायची आणि मांडीवर सूप घेऊन बसायची. पानात चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक पीळ, दोऱ्याचे दोन वेढे, आणि नखानं तोंड दुमडून घेतलं की एक विडी. हजार झाल्या की एका दिवसाची मजुरी. दुपारी ती जुड्या घेऊन कारखान्याच्या ब्रँचमध्ये जायची. टेबलामागे चेकर बसलेला असायचा. तो जुडी उचलायचा, दोन-चार विड्या दाबून बघायचा आणि सैल, जाड, तोंडाला फाटलेली असं म्हणत बाजूला टाकायचा. ही छाट. छाटीची मजुरी मिळत नसे, आणि त्या विड्या परतही मिळत नसत. पान कमी पडलं तर ते बाईनं पदरच्या पैशानं बाजारातून आणायचं.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर गेलो होतो. त्या दिवशी छाटीचा ढीग मोठा होता. आई म्हणाली, "साहेब, एवढी छाट कशी काय? पानंच किडकी दिली होती की ओ तुम्ही." चेकरनं मान वर न करता सांगितलं, "परवडत नसेल तर उद्यापासून येऊ नको." रांगेतल्या बायका खाली बघत राहिल्या. घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

साम्यवादाचा मूळ प्रश्न या टेबलावर आहे. पान मालकाचं, तंबाखू मालकाची, बाजार मालकाच्या ओळखीचा, आणि मोजणारा माणूसही मालकाचाच. आईकडे फक्त दोन हात. कार्ल मार्क्स म्हणतो ती 'उत्पादनाची साधनं' म्हणजे ही सगळी पहिली यादी. ज्याच्याकडे साधनं तो भाव ठरवतो, ज्याच्याकडे नुसते हात तो ऐकून घेतो. कामगार दिवसभरात जेवढ्या किमतीचं काम करतो आणि त्याला जेवढी मजुरी मिळते, त्यातला फरक मालकाकडे राहतो. मराठीत त्याला वरकड मूल्य म्हणतात. मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४८ साली जाहीरनामा लिहिला. त्यातला उपाय एका वाक्यात सांगता येतो: साधनांची खाजगी मालकी काढून ती सगळ्या समाजाची करा. तुमचं घर, तुमची सायकल, आईचं सूप यांच्याशी त्याचं भांडण नाही. भांडण आहे ते गिरणी, खाण, मोठी शेती आणि बँक एकाच्या हातात असण्याशी.

इथे तीन शब्द वेगळे करून ठेवू, कारण बहुतेक वादावादी त्यांच्या गोंधळातून होते. समाजवाद म्हणजे साधनं समाजाच्या मालकीची, पण मजुरी अजून कामाच्या हिशोबानं. साम्यवाद ही मार्क्सच्या लेखी त्यानंतरची अवस्था. तिथे प्रत्येकानं कुवतीप्रमाणे काम करायचं आणि गरजेप्रमाणे घ्यायचं. वर्ग संपल्यामुळे राज्यसंस्थाही हळूहळू विरून जायची. आणि तिसरी गोष्ट म्हणजे कम्युनिस्ट पक्षाची राजवट. विसाव्या शतकात जगानं प्रत्यक्षात पाहिली ती ही तिसरी गोष्ट. सोव्हिएत संघाच्या नावातसुद्धा शब्द 'समाजवादी' असाच होता. १९६१ साली सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या पक्षानं ठरवलं, की वीस वर्षांत साम्यवाद येईल. १९८१ साल आलं तेव्हा मॉस्कोत दुकानांपुढे रांगा होत्या. म्हणजे "साम्यवाद टिकतो का" असं आपण विचारतो, तेव्हा खरं तर "एकाच पक्षाच्या हातात सगळी साधनं आणि सगळी सत्ता दिली तर ती व्यवस्था टिकते का" असं विचारत असतो.

कुवतीप्रमाणे काम आणि गरजेप्रमाणे वाटा ही कल्पना सोलापूरकराला परकी वाटायचं कारण नाही. शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांच्या, परंपरेत कायक आणि दासोह हे दोन शब्द जोडीनं येतात. प्रामाणिक श्रम करायचे, आणि त्यातून उरेल ते समाजाला द्यायचं. सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव उभा केला, हे ऐकतच इथली मुलं मोठी होतात. शंभर माणसांच्या, एकमेकांना ओळखणाऱ्या, आपखुशीनं एकत्र आलेल्या समूहात ही गोष्ट चालते. कोण आजारी आहे आणि कोण अंग चोरतोय, हे सगळ्यांना दिसत असतं, आणि न पटणारा उठून जाऊ शकतो. अडचण सुरू होते ती कोट्यवधी अनोळखी माणसांवर तीच गोष्ट सरकारी हुकमानं लागू करताना.

तरीही लोक या विचारामागे वेड्यासारखे धावले, ते का, हे समजून न घेता पुढे जाणं मला अन्यायाचं वाटतं. रशियातली क्रांती सुरू झाली ती ८ मार्च १९१७ ला, पेट्रोग्राडमध्ये. त्या दिवशी पहिल्यांदा रस्त्यावर उतरल्या त्या कापड गिरण्यांतल्या बायका. त्यांची मागणी होती पाव. तासन्‌तास रांगेत उभं राहूनही पाव मिळत नव्हता आणि नवरे युद्धावर मरत होते. शेजारच्या धातूच्या कारखान्यांतले पुरुष त्यांच्या मागून निघाले, आणि आठवड्याभरात झारनं गादी सोडली. नोव्हेंबरमध्ये लेनिन यांचे बोल्शेविक, म्हणजे रशियातले कम्युनिस्ट, सत्तेवर आले. आल्या आल्या काही दिवसांतच त्यांनी आठ तासांच्या दिवसाचा हुकूम काढला. भोंग्यावर जाग येणाऱ्या आपल्या गिरणगावात त्या बातमीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नसेल.

मग गाडी कुठे अडली? माझ्या मते अगदी सुरुवातीलाच, आणि त्याच्या तारखा सांगता येतात. १९१७ च्या अखेरीस रशियात संविधान सभेची निवडणूक झाली. बोल्शेविकांना साधारण चौथा हिस्सा मतं मिळाली. शेतकऱ्यांमध्ये जोर असलेला सोशलिस्ट रिव्होल्युशनरी पक्ष, म्हणजे तोही समाजवादीच, त्यांच्या पुढे गेला. जानेवारी १९१८ मध्ये ही सभा एकदाच बसली आणि बोल्शेविकांनी ती मोडून टाकली. मार्च १९२१ मध्ये क्रॉनस्टाडच्या खलाशांनी बंड केलं. क्रांतीत सगळ्यांत पुढे असलेला हा तळ. त्यांची मागणी होती सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-सैनिकांनी निवडलेल्या परिषदांच्या, नव्या निवडणुका, त्याही गुप्त मतदानानं, आणि कामगार-शेतकऱ्यांना बोलण्याचं स्वातंत्र्य. फौज पाठवून ते बंड चिरडलं. त्याच महिन्यात पक्षाच्या अधिवेशनानं पक्षाच्या आतसुद्धा गट करायला बंदी घातली. तेव्हा स्टालिन सर्वोच्च पदावर नव्हते. "लेनिन चांगले, स्टालिननं सगळं बिघडवलं" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं, पण स्टालिन यांच्या हाती आलेलं यंत्र त्यांच्या आधीच जोडून तयार होतं. बाहेरून विरोध करणारा गेला, मग आतून विरोध करणारा गेला. पुढे १९३७-३८ या दोन वर्षांत त्या यंत्रानं जवळपास ६ लाख ८० हजार माणसांना गोळ्या घातल्या. ही संख्या सोव्हिएत पोलिसांच्याच दप्तरातली आहे.

क्रौर्याची बाजू बहुतेकांना थोडीफार माहीत असते. कमी माहीत असते ती हिशोबाची बाजू, म्हणून तिथे जरा थांबतो.

समजा, सोलापुरातल्या सगळ्या चादरी एकाच सरकारी मंडळानं बनवायच्या असं ठरलं. बाजार नाही, भाव मंडळच ठरवणार. किती चादरी बनवायच्या, कुठल्या सुताच्या, केवढ्या, हे सांगायला मंडळाला काहीतरी माप लागेल. माप वजनात दिलं, तर कारखाने जाडजूड चादरी काढतील, कारण थोड्या नगांत टनांचं लक्ष्य पूर्ण होतं. माप नगांत दिलं, तर चादर विरळ आणि आखूड होईल. ही कल्पना मी रचलेली नाही. झुंबरांचं लक्ष्य वजनात दिल्यामुळे आपले कारखाने जड जड झुंबरं काढतात, अशी तक्रार खुद्द ख्रुश्चेव्ह यांनी केली होती. बाजारात हे होत नाही, याचं कारण व्यापारी फार पुण्यवान असतो हे नव्हे. मंगळवार पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक चादर हातात घेऊन, उलटसुलट करून, "नको" म्हणून उठून जातं. त्या एका "नको"मधून दुकानदाराला, त्याच्याकडून कारखानदाराला आणि पुढे सूत विकणाऱ्याला निरोप पोचतो. भाव म्हणजे असे लाखो निरोप एकत्र होऊन बनलेला आकडा. तो पुसला की नियोजन मंडळातला हुशारातला हुशार माणूससुद्धा आंधळा होतो. १९२० साली लुडविग फॉन मीझेस या अर्थतज्ज्ञानं नेमकं हेच मांडलं होतं, रशियात प्रयोग नुकता सुरू झाला होता तेव्हा. गरिबाचं "नको" बाजारातही ऐकू येत नाही, ही बाजाराची मोठी खोट आहे आणि ती मी मान्य करतो. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याची भूक भावात मोजली जात नाही. पण सोव्हिएत व्यवस्थेत कुणाचंच "नको" ऐकू येईनासं झालं.

याचा सगळ्यांत बोलका पुरावा कापसाचा आहे. सोलापूरनं तो वाचलाच पाहिजे. उझबेकिस्तान हा सोव्हिएत संघाचा कापूस पिकवणारा प्रांत. मॉस्कोहून दरवर्षी वाढतं लक्ष्य यायचं. अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं. जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर असलेला अरल समुद्र आटत गेला, आणि मासेमारीच्या होड्या वाळूत उभ्या राहिल्या. तरीही लक्ष्य पुरं होईना. मग कापूस कागदावर पिकू लागला. गावच्या शेतकी प्रमुखानं जिल्ह्याला वाढीव आकडा कळवायचा, जिल्ह्यानं त्यात भर घालून प्रांताला, आणि प्रांतानं मॉस्कोला. १९५९ ते १९८३ या काळात तिथे पक्षाचे प्रमुख शराफ रशिदोव्ह होते. त्यांच्या कारकिर्दीत कधी न पिकलेल्या कापसाचे पैसे मॉस्कोनं वर्षानुवर्षं मोजले. ते पैसे वरपासून खालपर्यंत वाटले गेले, आणि शेतात कापूस वेचायला मात्र शाळकरी मुलं पाठवली जात होती. खोटं उघडं पाडायला तिथे विरोधी पक्षाचा आमदार नव्हता, स्वतंत्र वर्तमानपत्र नव्हतं, भाव पाडणारा व्यापारी नव्हता. आकडा लिहिणारा, तपासणारा आणि शाबासकी देणारा, सगळे एकाच पक्षाचे.

चीनमध्ये याच रोगानं याहून भयंकर रूप घेतलं. १९५८ च्या 'मोठ्या झेपे'त, म्हणजे झटपट उत्पादन वाढवण्याच्या मोहिमेत, गावोगावच्या कम्यूननी (सामूहिक शेतीच्या संस्थांनी) धान्याचे फुगवलेले आकडे कळवले. सरकारनं त्या आकड्यांच्या हिशोबानं धान्य उचललं आणि गावं उपाशी मेली. १९५९ ते १९६१ या काळातल्या मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. पाऊसपाण्याचाही थोडा वाटा असेल, पण कोठार रिकामं असताना "भरलंय" असं सांगणं भाग पडावं, हे पावसानं केलेलं नाही.

आता परत आईच्या टेबलाकडे येतो. मालक काढून तिथे सरकार बसवलं तर छाटीचं काय होईल? वर्गातली मुलं म्हणतात, सरकार कामगारांचंच असेल तर ते कामगाराची छाट कशाला काढेल? १९६२ सालच्या नोवोचेर्कास्कमध्ये याचं उत्तर मिळतं. दक्षिण रशियातलं हे औद्योगिक गाव. तिथे रेल्वे इंजिनांचा मोठा कारखाना होता. १ जून १९६२ ला सरकारनं मांस आणि लोण्याचे भाव वाढवले. त्याच सुमारास कारखान्यात कामाचं माप वाढवून मजुरी कापली होती. माप वाढवणं म्हणजे काय, हे विडी वळणाऱ्या बाईला लगेच कळेल. कामगार संपावर गेले आणि दुसऱ्या दिवशी लेनिन यांच्या तसबिरी आणि लाल झेंडे घेऊन गावातल्या पक्षाच्या कचेरीवर चालत गेले. त्यांच्यावर गोळीबार झाला. २६ माणसं मेली. प्रेतं रात्री दूरच्या स्मशानांत गुपचूप पुरली. पुढे सात जणांना मृत्युदंड दिला. देशातल्या एकाही वर्तमानपत्रात ओळ आली नाही. सगळी कागदपत्रं बाहेर आली ती सोव्हिएत संघ मोडायच्या सुमारास, जवळपास तीस वर्षांनी.

त्या कारखान्यात युनियन नव्हती का? होती. सोव्हिएत संघात प्रत्येक कारखान्यात युनियन होती. ती सहलींच्या चिठ्ठ्या वाटायची, आजाऱ्याला भेटायला जायची, लक्ष्य पूर्ण करा म्हणून सांगायची. संप करायची नाही. कारण कारखाना कामगारांच्या राज्याचा, आणि कामगारानं स्वतःविरुद्ध संप कसा करायचा, असा तो युक्तिवाद. मालक, चेकर, युनियन, पोलीस, न्यायाधीश आणि पेपर एकाच खुर्चीत बसले, की समोरच्या बाईला तक्रार घेऊन जायला दुसरं दारच उरत नाही.

हे दार पोलंडच्या कामगारांनी उघडलं. ऑगस्ट १९८० मध्ये गडान्स्क बंदरातल्या जहाजाच्या कारखान्यातून ॲना वालेन्टिनोविच या क्रेन चालवणाऱ्या बाईला निवृत्तीला पाच महिने उरले असताना काढून टाकलं. कारखान्याचं नाव लेनिन जहाजबांधणी कारखाना. तिला परत घ्या म्हणून संप सुरू झाला आणि देशभर पसरला. संपकऱ्यांनी २१ मागण्या दोन लाकडी फळ्यांवर लिहून फाटकाला टांगल्या. पहिली मागणी पगाराची नव्हती. पहिली मागणी होती, पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र असलेली युनियन. 'सॉलिडॅरिटी' या युनियनचे वर्षभरात सुमारे एक कोटी सभासद झाले. देशाची लोकसंख्याच साडेतीन कोटींच्या आसपास होती. कामगारांच्या पक्षानं त्यावर काय केलं? १३ डिसेंबर १९८१ ला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला. रणगाडे रस्त्यावर आले, पुढाऱ्यांना अटक झाली.

मार्शल लॉ हा शब्द सोलापूरला शिकवावा लागत नाही. मे १९३० मध्ये इंग्रजांनी तो इथे लावला होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली. त्यांची आठवण जपणाऱ्या चौकातून रोज जाणाऱ्या माणसानं गडान्स्कच्या कामगाराचं दुःख परकं मानू नये, एवढंच मला वाटतं. १९८९ च्या जूनमध्ये पोलंडमध्ये अर्धवट का होईना, निवडणूक झाली. ज्या जागा खुल्या होत्या त्यांतली एक वगळता सगळ्या सॉलिडॅरिटीनं जिंकल्या. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली आणि डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की भांडवलशाही देशांनी त्यांना जगूच दिलं नाही. यादवीच्या काळात परकी फौजा रशियात उतरल्या, क्यूबावर अमेरिकेची नाकेबंदी दशकानुदशकं आहे, आणि सोव्हिएत संघानं हिटलरविरुद्ध दोन कोटींहून जास्त माणसं गमावली, हे सगळं खरं आहे. निरक्षर शेतकऱ्यांच्या देशानं १९६१ मध्ये गागारिनला अवकाशात पाठवलं, हेही खरं. पण नोवोचेर्कास्कची गोळी अमेरिकेनं झाडली नव्हती, आणि उझबेकिस्तानचा खोटा कापूस नाकेबंदीनं पिकवला नव्हता.

दुसरा आक्षेप म्हणजे चीन. सोव्हिएत राजवट चौऱ्याहत्तर वर्षं चालली. चीनची १९४९ पासून चालू आहे, म्हणजे तिनं तेवढं आयुष्य ओलांडलं. मग टिकली की! हो, पक्ष टिकला. पण काय सोडून टिकला ते बघा. १९७८ च्या हिवाळ्यात आनह्वी प्रांतातल्या श्याओगांग गावात अठरा शेतकऱ्यांनी रात्री लपून एका कागदावर अंगठे उठवले. सामूहिक जमीन घराघरांत वाटून कसायची, सरकारचा वाटा भरून उरलेलं घरी ठेवायचं, आणि यापायी कुणी तुरुंगात गेलं तर त्याची मुलं बाकीच्यांनी सांभाळायची, असा तो करार. पुढच्याच वर्षी धान्य कित्येक पटींनी वाढलं. डेंग श्याओपिंग यांच्या राजवटीनं त्यांना तुरुंगात न टाकता तीच पद्धत देशभर लागू केली. आज चिनी अर्थव्यवस्थेत निम्म्याहून जास्त उत्पादन खाजगी उद्योगांचं आहे. व्हिएतनामनं १९८६ मध्ये साधारण तोच रस्ता धरला. बाजार परत आला आणि कोट्यवधी माणसं दारिद्र्यातून वर आली. ही लहान गोष्ट नव्हे. संपाचा हक्क मात्र चीननं १९८२ च्या संविधानातून काढला, आणि युनियन पक्षाचीच, एकच. २०१८ साली शेन्झेनमधल्या एका कारखान्यातले कामगार स्वतःची युनियन काढू पाहत होते. त्यांच्या मदतीला विद्यापीठांतले तरुण गेले. ही मुलं मार्क्सवादी अभ्यासमंडळांतली, मार्क्स मनापासून वाचणारी. पोलिसांनी त्यांनाच उचललं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षाच्या दोन मुदतींची मर्यादाही संविधानातून गेली. ही राजवट आणखी किती चालेल यावर मी पैज लावणार नाही. ती चालली तरी मार्क्सचा विचार चालला असं मात्र म्हणता येत नाही.

आता आपल्या देशाकडे. जगात इतरत्र क्वचितच घडलेली गोष्ट केरळात घडली. ५ एप्रिल १९५७ ला ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांचं, मतदानानं निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार सत्तेवर आलं. दोन वर्षांनी, ३१ जुलै १९५९ ला, केंद्रानं ते बरखास्त केलं, आणि तो लोकशाहीवरचा घाव होता असं मी स्पष्ट म्हणतो. पण पक्ष बंदुका घेऊन डोंगरात गेला नाही. तो पुन्हा लोकांकडे गेला आणि १९६७ मध्ये पुन्हा निवडून आला. जमीन सुधारणा, शाळा, दवाखाने यांचा तिथे जो पाया आहे त्यात त्याचा मोठा वाटा आहे. पश्चिम बंगालमध्ये डाव्यांनी १९७७ ते २०११ अशी सलग ३४ वर्षं सत्ता चालवली. ऑपरेशन बर्गा या नोंदणी मोहिमेत लाखो कुळांची नावं कागदावर चढली. पुढे तिथेही सत्ता मुरली, गावागावात पक्षाशिवाय पान हलेना, आणि १४ मार्च २००७ ला नंदीग्राममध्ये जमिनीसाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. १४ माणसं गेली. पण नोवोचेर्कास्कसारखी ही बातमी तीस वर्षं पुरून ठेवता आली नाही. संध्याकाळी ती देशभरच्या टीव्हीवर होती. चार वर्षांनी लोकांनी मतदान केलं, सरकार पडलं, आणि मुख्यमंत्री राजीनामा देऊन घरी गेले. मॉस्कोत ७४ वर्षांत एकदाही असं घडलं नाही.

म्हणून मुलांना मी असं सांगतो. कम्युनिस्ट पक्ष सत्तेवर येऊ शकतो, चांगला कारभार करू शकतो, हरू शकतो आणि परत येऊ शकतो. तसा तो दीर्घकाळ टिकतो. सगळी साधनं आणि सगळी सत्ता एका पक्षाकडे कायमची देणारी राजवट मात्र एकतर आतून कुजते, नाहीतर स्वतःचाच विचार सोडून उरते. माणूस स्वार्थी आहे म्हणून साम्यवाद फसतो, हे नेहमीचं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. स्वार्थ सगळीकडे आहे. फरक पडतो तो स्वार्थाला आडवं जाणारं कुणी शिल्लक ठेवलंय की नाही, यानं.

सोलापुरात लाल बावट्यानं राज्य कधीच केलं नाही, आणि तरी त्याची कामं डोळ्यांनी दिसतात. कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम मास्तर इथून विधानसभेवर गेले, पडले, पुन्हा गेले. कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी इथे आले होते. जवळच रे नगरमध्ये १५ हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्या. म्हणजे मागणी लाल बावट्याची आणि सरकारं दुसऱ्यांची. त्याच वेळी हेही खरं, की गिरण्या वाचवणं कुणालाच जमलं नाही. जुनी मिल गेली, पाठोपाठ बाकीच्या गेल्या. हजारो घरांतला पगार एका पिढीत थांबला, आणि त्या माणसांच्या पुढच्या पोटाचा विचार बाजारानं केला नाही. बाजाराचं कौतुक सांगणाऱ्यांनी एकदा त्या चाळींतून हिंडून यावं.

आमच्या ब्रँचमधल्या छाटीचं पुढे काय झालं, ते मुलं नेहमी विचारतात. त्या दिवसानंतर काही महिन्यांनी युनियनच्या बायका सभासद करत गल्लीत आल्या. आईनं घाबरत पावती फाडली. मोर्चा निघाला, काम दहा-बारा दिवस बंद राहिलं, त्या दिवसांत आम्ही शेजारच्या अक्कांकडून ज्वारी उसनी आणून खाल्ली. मग लिहून ठरलं: छाट बाईच्या डोळ्यांसमोर मोजायची आणि टेबलाशेजारी बायकांची एक प्रतिनिधी उभी राहणार. कारखाना मालकाचाच राहिला. चेकरही तोच होता. पुढच्या आठवड्यात मी आईबरोबर गेलो, तेव्हा त्यानं बाजूला टाकलेल्या विड्या आईनं हातात घेतल्या, एकेक दाबून बघितल्या, आणि त्यातल्या सात परत त्याच्यासमोर ठेवल्या. त्यानं शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं आणि त्या चांगल्या ढिगात टाकल्या.